मागे राहिलेल्याची बाजू

कादंबरीतली नायिका जुन्या दुकानातली अंगठी बोटात घालते, दोनशे वर्षं मागे जाते आणि एका गलबताच्या कप्तानाच्या मिठीत पडते. अशा वेळी वाचणारं सगळं जग त्या कप्तानाकडे बघत असतं. आमच्या ऑफिसातले काका मात्र इकडे, आजच्या काळात, तिच्याशी साखरपुडा झालेल्या डेंटिस्टची काळजी करत बसायचे.

"त्याचं काय झालं पुढे?" पुस्तक परत करताना ते विचारायचे.

"कोणाचं?"

"अगं, त्या डेंटिस्टचं. सुरुवातीला तो तिला फोन करतो, ती उचलत नाही. त्यानंतर लेखिकेने त्याचं नावच टाकलं. हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या. लोकांना काय सांगितलं त्याने?"

"काका, तो महत्त्वाचा नाहीये."

"तेच म्हणतो मी," चष्मा शर्टाच्या टोकाला पुसत काका म्हणायचे. "मागे राहिलेल्याची बाजू कुणी लिहीत नाही."

ह्यावर मी हसायचे. तेव्हा मी पंचवीस वर्षांची होते आणि मला कशाचंही हसू यायचं.

रे रोडला लाकडाच्या वखारींच्या रांगेत आमचं ऑफिस होतं. खाली वखार, वर माळ्यासारख्या खोलीत चार टेबलं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत करवत थांबायची. मग खालून वर आलेला भुसा खिडकीच्या उन्हात नुसता तरंगत राहायचा, गोदीकडून एखादा भोंगा लांबच लांब वाजायचा आणि ओल्या सागवानाचा वास सगळ्यांच्या डोळ्यांवर उतरायचा. मालक खुर्चीतच पेंगायचे. त्या गुंगीच्या तासाभरात मी काळाच्या मागेपुढे जाणाऱ्या प्रेमकथा वाचायचे. किंग्ज सर्कलच्या फुटपाथवर त्या ढिगाने मिळायच्या. सगळ्या इंग्रजी, सगळ्या जाडजूड. मुखपृष्ठावर उघड्या छातीचा पुरुष आणि वाऱ्यावर केस सोडलेली बाई. लालबागला आमच्या घरी आईने एकदा त्या पुरुषाला निरखून बघितलं आणि विचारलं, "ह्येंका शर्ट गावत नाय काय गे?" तेव्हापासून माझी पुस्तकं ऑफिसच्या खणात राहायला गेली. तिथेच एका दुपारी काकांनी एक उचललं आणि मग त्यांनी सोडलंच नाही.

काका तेव्हा सत्तरीच्या घरात होते. गिरगावातलं जुनं घर, आजोबा सरकारी कचेरीत हेडक्लार्क, वडीलही तसेच. काकांनी मात्र कचेरी सोडून लाकडात आयुष्य काढलं. ओंडक्यावर बोटाने टकटक करून आणि मग त्याला नाक लावून ते झाड कुठल्या मुलखातलं ते सांगायचे. ते निवृत्त व्हायला निघाले की मालक त्यांच्या पाया पडायचे, म्हणून ते निवृत्त होत नव्हते. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, वरच्या खिशात लाकडाची फूटपट्टी. ती फूटपट्टी ओळीखाली धरून ते प्रेमकथा वाचायचे, एकेक ओळ खाली सरकत. चुंबनाचं पान आलं की फूटपट्टी जरा भरभर सरकायची.

पात्रांशी ते फार कडक वागत. एक नायिका जुन्या काळातल्या कुटुंबात जेवायला बसते आणि तिथे सगळ्यांना सांगते, की तुमचा राजा हरणार आहे आणि तुमचा थोरला मुलगा लढाईत मरणार आहे. काकांनी पुस्तक मिटलं आणि मोठ्याने म्हणाले, "गाढव आहे!" मालक दचकून जागे झाले.

"त्या माणसांना असं सांगायचं नसतं," काका मला समजावू लागले. "त्यांच्या घरी गेलीस ना तू? मग ते म्हणाले आज सोमवार, तर सोमवार. आपला मंगळवार आपल्याजवळ ठेवायचा."

दुसरी एक सात वर्षं मागे राहून, दोन मुलांची आई होऊन परत येते, तर इकडे फक्त तीन मिनिटं झालेली असतात. गॅसवरचं दूधसुद्धा उतू गेलेलं नसतं. मला ते फार गोड वाटलं होतं. काका दोन दिवस चिडलेले होते. "तीन मिनिटं! असं कुठे असतं? जाणाऱ्याची तीन मिनिटं होतात, इकडच्याची सात वर्षं होतात," ते म्हणाले. एका बाबतीत मात्र त्यांचं मन पटकन विरघळायचं. त्या अनोळखी काळात पहिल्या दिवशी नायिकेला जो कोणी जेवायला घालेल, तो काकांचा लाडका. मग तो खलनायक का असेना.

आणि शेवट ते वाचायचे नाहीत. ह्या कादंबऱ्यांत शेवटाला एक प्रसंग ठरलेला असतो. परतीची वाट उघडते आणि नायिकेला ठरवावं लागतं, तिकडे राहायचं की इकडे यायचं. तिथे आले की काका फूटपट्टी खिशात ठेवायचे आणि पुस्तक मला द्यायचे. मी एकदा खोडसाळपणे सांगायला सुरुवात केली, "काका, ती ना शेवटी...", तर ह्या सत्तरीच्या माणसाने दोन्ही कानांवर हात ठेवले. मी थांबेपर्यंत काढले नाहीत.

"तुम्हीच का नाही जाऊन येत मागे?" मी चिडवलं.

"रोज संध्याकाळी जातो की," ते म्हणाले आणि डबा धुवायला उठले. हा डबा ते स्वतःच भरून आणायचे.

मला वाटलं, विनोद केला. तो विनोद नव्हता हे मला कळायला पावसाळा जाऊन दिवाळी यावी लागली. एका दुपारी त्यांना घरून फोन आला. खोली शांत होती, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं. काका सांगत होते, "हो, हो, संकष्टीच आज. चंद्रोदय नऊनंतर आहे. साबुदाणा भिजवलाय, मोदकांचं मी येताना बघतो. तू दुपारची जरा पड."

मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं. "काका, संकष्टी आज नाहीये. होऊन गेली."

त्यांनी फोन खिशात ठेवला. "आपल्याकडे नाहीये," ते म्हणाले. "तिच्याकडे आहे."

मग त्या भुशाच्या उन्हात बसून, माझ्याकडे न बघता, त्यांनी मला काकूंबद्दल सांगितलं. काकूंचं विसरणं पाच-सहा वर्षांपूर्वी सुरू झालं होतं. आधी किल्ल्या, मग शेजाऱ्यांची नावं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, आजाराचं नाव सांगितलं, ते बरं होत नाही हेही सांगितलं. पण काकांचं म्हणणं वेगळं होतं. ती विसरत नाहीये, ती मागे चालली आहे. एका सकाळी उठून ती म्हणाली, आज आत्याबाई यायच्यात. आत्याबाईंना जाऊन तीस वर्षं झाली होती. काका आधी भांडले. आत्या गेली, अगं तूच रडली होतीस, म्हणून सांगितलं. काकू ती बातमी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या पुन्हा रडल्या. त्या दिवसापासून काकांनी भांडण सोडलं.

त्यांच्याकडे कॅलेंडरं होती. आपल्या घराघरांत असतं तसं तिथीवारांचं मोठं कॅलेंडर त्यांच्या स्वयंपाकघरात दर वर्षी लागायचं आणि काकू त्याच्या चौकोनांत बारीक अक्षरात लिहायच्या. गॅस लावला. दूध नाही. ताप उतरला. आत्याबाई आल्या. वर्ष संपलं तरी ते कॅलेंडर टाकवेना म्हणून गुंडाळून माळ्यावर जायचं. लग्नापासूनची सगळी होती. काकांनी ती खाली काढली. आता सकाळी काकू काय बोलतात ते ते ऐकायचे, एकेक गुंडाळी उलगडून वर्ष शोधून काढायचे आणि त्या वर्षाचं कॅलेंडर भिंतीवर लावायचे. पुढचा दिवस मग त्यावरून चालायचा. संकष्टी असली तर मोदक, पाहुणे असले तर वरणाला जास्त डाळ. काकू खुशीत असायच्या. चौकोनांत त्यांचंच अक्षर असायचं.

"सुखात होतो आम्ही," काका म्हणाले. "दोन-तीन वर्षं फार सुखात गेली. मागच्या महिन्यात कॅलेंडरं संपली. आजच्यासारखी एखादी दुपार तेवढी ती परत येते."

"म्हणजे?"

"म्हणजे ती लग्नाच्या आधी गेली. तिथे मी नाहीच."

खाली करवत सुरू झाली. मला आजवरचं सगळं हसणं आठवलं आणि स्वतःची फार लाज वाटली.

मग हळूहळू, रोज थोडं थोडं, मला बाकीचं कळत गेलं. काकू आता दादरच्या माहेरच्या घरी होत्या, वीस वर्षांच्या. रोज दुपारी चार वाजता त्यांना बघायला मुलाकडचे येणार असायचे. त्या साडी बदलायच्या, वेणी घालायच्या आणि खुर्चीत ताठ बसायच्या. कोणी यायचं नाही. दिवसभर त्यांना सांभाळणाऱ्या मावशी मालवणकडच्या होत्या. एकदा काकांचा फोन मी उचलला, तेव्हा त्यांनी मला सांगितलं, "सांज झाली की रडतत गे. म्हणतत, माका बघूचासुद्धा आवडाक नाय लोकांक. मी तेंका काय सांगू?" काका घरी गेले की काकू त्यांच्याकडे परक्या म्हाताऱ्याकडे बघावं तसं बघायच्या आणि आत निघून जायच्या.

आणि काकांना त्याहून मोठी एक गोष्ट खात होती. कॅलेंडरं शोधताना काकूंच्या कपाटात, साड्यांच्या खाली, त्यांना एक पत्र सापडलं होतं. लग्नाआधीचं, टेलिफोन ऑपरेटर म्हणून निवड झाल्याचं.

"बघायला गेलो तेव्हा तिने विचारलं होतं," काका म्हणाले. "हळूच. नोकरी केली तर चालेल का, म्हणून. बाबा म्हणाले, आमच्याकडच्या सुना नोकरी करत नाहीत. मी तिथेच बसलो होतो. पोह्यांच्या बशीत बघत. नंतर बाबांनी घरी येऊन सांगितलं, मुलीकडून होकार आला. बस. मला होकार बाबांनी सांगितला, बाबांना तिच्या काकांनी. तिला कुणी विचारलं की नाही, मला ठाऊक नाही. पंचेचाळीस वर्षांत मी एकदाही विचारलं नाही. तिने सांगितलं नाही. पत्र मात्र जपून ठेवलं."

त्यांनी खिशातली फूटपट्टी काढून टेबलावर ठेवली. "आता ती तिथे उभी आहे, ठरायच्या आधी. तिच्या हातात आहे सगळं. तुझ्या त्या बायकांसारखं."

शेवटची पानं ते का वाचत नव्हते, ते मला तेव्हा कळलं.

"तू एवढी पुस्तकं वाचलीस," त्यांनी विचारलं, "जिथे आपण नाहीच, तिथे जातात कसे गं?"

हा प्रश्न मला इतक्या गंभीरपणे कोणी विचारेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी विचार केला. "काका, स्वतः म्हणून कोणी जात नाही. दुसराच कोणीतरी म्हणून जातात. नोकर, पाहुणा, वाट चुकलेला प्रवासी. जी जागा रिकामी असेल ती घेतात."

त्यांनी मान हलवली. दोन दिवसांनी म्हणाले, "शनिवारी चार वाजता मोकळी आहेस का? मुलाची बहीण म्हणून यायचंय."

बेत साधा होता. काका मुलाचे वडील, मी मुलाची बहीण, मावशी मुलीची काकू. आम्ही जायचं, पोहे खायचे, स्वयंपाक येतो का वगैरे विचारायचं, 'कळवतो' म्हणायचं आणि उठायचं. म्हणजे निदान कोणीतरी बघून गेलं असं काकूंना वाटेल आणि त्या संध्याकाळी रडणार नाहीत. मी आईची नारायणपेठ नेसून गेले. काका मला त्यांच्या वाडीच्या तोंडाशी भेटले. हातात पेढ्यांचा पुडा, अंगात कोट, डोक्यावर त्यांच्या वडिलांची काळी टोपी. ऊन कलतं होतं, वाडीत कोणीतरी पेटीवर एकच ओळ पुन्हा पुन्हा घोळवत होतं. आम्ही दोन जिने चढलो. मग काका स्वतःच्याच घराची बेल वाजवून, चपला काढून, दाराबाहेर उभे राहिले.

दार मावशींनी उघडलं. "येवा, येवा, बसा," त्या म्हणाल्या. त्यांचा अभिनय आमच्यापेक्षा बरा होता.

काकू ट्रे घेऊन बाहेर आल्या. पांढऱ्या केसांची बारीक वेणी, तिच्यात अबोलीचा गजरा, मोरपंखी साडी. वयाच्या पासष्टीत त्या वीस वर्षांच्या मुलीसारख्या नजर खाली ठेवून चालत होत्या, आणि ते जराही विचित्र दिसत नव्हतं. त्यांनी माझ्या हातात बशी दिली, काकांच्या हातात दिली आणि तिसरी बशी घेऊन उभ्या राहिल्या. त्यांनी दाराकडे पाहिलं.

"मुलगा मागून येतोय का?" त्यांनी विचारलं.

मी काकांकडे बघितलं, काकांनी माझ्याकडे. आम्ही टोपी आणली होती, पेढे आणले होते, माझ्या साडीचा रंगसुद्धा ठरवला होता. नवरा मुलगा आणायचा राहिला होता. तो तर आमच्यातच बसलेला होता, त्यामुळे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. स्वयंपाकघराच्या दारात मावशींनी कपाळावर हात मारला.

"दादाला सुट्टी नाही मिळाली," मी घाईघाईने म्हणाले. "तो म्हणाला, बाबांना पसंत ती मला पसंत."

झालं उलटंच. काकूंचा चेहरा पडला. "म्हणजे त्यांना बघायचंसुद्धा नाही मला," त्या म्हणाल्या आणि बशी तशीच धरून आत जायला वळल्या.

काकांनी आपली बशी खाली ठेवली. बेतात पुढे काय होतं ते मला पाठ होतं. त्यांनी त्यातलं काहीच म्हटलं नाही.

"त्याचं सोडा," ते म्हणाले. "तो आला असता तरी मान वर करून बोलला नसता. मी ओळखतो त्याला. तुम्ही सांगा. तुमच्या मनात काय आहे?"

"माझ्या?"

"तुमच्या."

काकूंनी मावशींकडे बघितलं. "बोल गे बाय," मावशी म्हणाल्या. "इचारतत तर बोल."

काकू समोरच्या खुर्चीच्या टोकावर बसल्या. "टेलिफोनमध्ये निवड झालीय माझी," त्या म्हणाल्या. आवाज आधी अगदी बारीक होता, मग मोकळा झाला. "पत्र आलंय. घरी म्हणतात, हे बोलण्यात काढू नकोस. पण मला जायचंय. कानाला लावून बसायचं, आणि कुठल्या कुठल्या गावांची माणसं एकमेकांना जोडून द्यायची. नागपूरचं मद्रासला, मद्रासचं कलकत्त्याला. कोणाला मुलगा झाला, कोण गावाला पोचलं. मला करून बघायचंय ते." मग त्यांनी विचारलं, "चालेल का आपल्याकडे?"

काकांनी वडिलांची टोपी डोक्यावरून काढली आणि मांडीवर ठेवली.

"चालेल," ते म्हणाले. "न चालायला काय झालं? अवश्य जा. डबा आम्ही भरून देऊ."

काकू हसल्या. तोंडावर पदर घेऊन, खांदे हलेपर्यंत हसल्या. सासरे सुनेचा डबा भरताहेत हे चित्र त्यांना दिसलं असावं. हसू ओसरल्यावर त्या काकांकडे बघत राहिल्या. ओळख पटली, असं मी म्हणणार नाही. तसं काही झालं नाही. त्या नुसत्या एका परक्या, भल्या गृहस्थाकडे बघत होत्या, आणि त्यांना ते बघणं आवडत होतं.

"आपला मुलगा आपल्यासारखा आहे का?" त्यांनी विचारलं.

मी 'अगदी तसाच' म्हणायला तोंड उघडलं होतं. काकांनी हाताने मला थांबवलं.

"नाही," ते म्हणाले. "सध्या तरी नाही. भित्रा आहे. वाईट नाही, पण भित्रा आहे. सुधारेल. वेळ लागेल त्याला."

"किती?"

"बराच लागेल."

मावशी आतून पुढे आल्या होत्या, त्या तिथेच थबकल्या. वाडीतली पेटी अजून तीच ओळ वाजवत होती. काकूंनी तिसरी बशी ट्रेमध्ये ठेवली, पदर सारखा केला आणि थोडा वेळ विचार केला. घाईने उत्तर देणाऱ्या बाई त्या नव्हत्याच.

"मग थांबेन मी," त्या म्हणाल्या. "त्यांना तसं कळवा."

"कळवतो," काका म्हणाले. मग मांडीवरची टोपी उचलून ते पुन्हा एकदा म्हणाले, "कळवतो त्याला."